नव्व्याण्णवची कोंबडी आणि बाबांचं हेल्मेट

नागपूरकडच्या गोरेगावात चमचम मार्ट उघडलं आणि लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला आकाशपाळण्यात बसलेलं पाहिलं. काचेचं कपाट, आत लाल दिवे, आणि सळईत ओवलेल्या डझनभर कोंबड्या गोल गोल फिरून राहिल्या! कोणाला घाई नाही, कोणाला तिकीट नाही. वर पाटी : ‘अख्खी भाजलेली कोंबडी, फक्त नव्व्याण्णव रुपये.’

आता बाजारातली जिवंत कोंबडी याच्या दुपटीला पडते. शिवाय ती पळते, टोचते, शेजारच्याच्या कौलावर चढून बसते. मग तीच कोंबडी सोलून, मसाला चोळून, भाजून, वर चकचकीत पिशवीत घालून अर्ध्या भावात कशी काय देतो हा माणूस?

गोरेगावनं यावर खूप विचार केला. पानठेल्यावरचा रामलाल म्हणाला, ते कावळे आहेत. कोणी म्हणालं, कोंबडी एकच आहे, बाकीच्या आरशात दिसतात. विचार करून झाल्यावर सगळे उठले आणि एकेक कोंबडी घेऊन घरी गेले.

प्राचीला मात्र त्या पाळण्याचा मनापासून राग होता. कारण मार्टच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, तिच्या शामकला आत्याचा ठेला होता. ताडपत्री, दोन बाक, चुलीवर भला मोठा गंज, आणि गंजात असा रस्सा की पहिल्या घासाला नाकातून पाणी आणि दुसऱ्या घासाला डोळ्यातून. प्राची शाळेतून सुटली की आधी तिथं, मग घरी. आणि आता बाकांवर माणसांऐवजी कुत्रे झोपून राहिले होते.

“मंडईपर्यंत वाट पाहीन,” आत्या गंज घासता घासता म्हणाली. “मंग गंज, बाक सारं इकून टाकीन आन माह्या पोराकडे, रूपेशकडे पुन्याले निंगून जाईन.”

“आत्या! दादाच्या घरी चूल त सोड, उदबत्ती लावली तरी धुराची घंटी वाजते म्हने!”

“वाजू दे. इथं कोन येऊन राहिलं माह्या दारात?”

दिवाळी झालेली, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, तोंडावर. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, पाहुण्यांना कोंबडी लागते, आणि आत्याचं वर्षभराचं नशीब त्या मंडईत ठरतं.  पण प्राची नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून जगातला कुठलाही प्रश्न आपल्यासमोर टिकणार नाही अशी तिची पक्की खात्री झाली होती. तिनं ठरवलं, आधी या कोंबडीचं गुपित काढायचं.

ती सरळ मार्टच्या मॅनेजरकडे गेली. हिमांशू नाव, नागपूरचा, टाय असा घट्ट की बोलताना डोळे बाहेर यायचे.

“भाऊ, नव्व्याण्णवमदी परवडते कसं तुमाले?”

“वो सीक्रेट है, बेटा,” हिमांशू हसला. “टब लोगी? ऑफर में है।”

गुपित फुटलं ते घरीच. प्राचीची आई, रीता, “मी यवढी कोंबडी घेऊन येतो” म्हणून गेली आणि रिक्षा करून आली. रिक्षातून उतरला एक हिरवा टब. टबात पायपुसणं, पायपुसण्यावर बेडकाच्या आकाराचा दिवा, दिव्यावर नूडल्स, आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकचं सूर्यफूल.

“आई, आन कोंबडी?”

आईनं कपाळाला हात लावला. “अवो माय! राहूनच गेली!”

प्राची टबाकडे पाहत राहिली. कोंबडीचं कपाट कुठं आहे? दुकानाच्या पार शेवटी. वासाच्या मागं मागं जायचं तर आधी टब, मग दिवे, मग साड्या, मग बिस्किटं ओलांडायची. आणि तिला एकदम नवेगाव बांधचा मामा आठवला, तलावाच्या काठी गळ टाकून बसलेला. मामानं कधी मासोळीकडून गांडुळाचे पैसे मागितले होते का?

ती चप्पल न घालता पळत ठेल्यावर गेली. “आत्या! ते कोंबडी गांडूर हाये!”

“मले पहिलेच शंका होती,” आत्या म्हणाली. “म्हून यवढी लांब दिसते.”

“तसं नाही वो! तो कोंबडी मुद्दाम तोट्यात इकते. कोंबडीच्या पाठी आपुन अंदर जातो आन टब घेऊन येतो. कोंबडीत गमावते, टबात कमावते. आपुन मासोऱ्या हावो, आत्या!”

“तुह्या मायले मासोरी नको म्हनू, तिले राग येईल.”

प्राचीची योजना सोपी होती. गांडूळ खायचं, गळ सोडायचा! सगळ्या गावानं फक्त कोंबडीच घेतली तर मार्टवाला रडत मशीन बंद करेल. सुरुवात आपल्या घरापासून. बाबांना, म्हणजे मनिरामला, विचारलं तर ते मिशीला पीळ देऊन म्हणाले, “मी काही तुह्या मायसारखा नाही. कोंबडी म्हनली का कोंबडी.”

तरी प्राचीनं धोका पत्करला नाही. तिनं बाबांच्या मोटरसायकलच्या हेल्मेटला दोन्ही बाजूंनी खोक्याचे पुठ्ठे चिकटवले, घाण्याच्या बैलाला लावतात तशी झापडं. आता बाबांना फक्त नाकासमोरचं दिसत होतं.

“मान हलवू नका. वास येते तिकडे सीधे चाला.”

आणि बाबा चालले! मार्टचा पहारेकरी दचकला, एक बाळ रडायला लागलं, बादल्यांचा एक मनोरा कोसळला, पण मनिराम हलला नाही. टब गेले, दिवे गेले, साड्या गेल्या. काचेच्या कपाटापाशी पोचून त्यानं कोंबडी घेतली, छातीशी धरली, आणि बैलासारखा वळला. प्राचीनं मागून दोन्ही मुठी आवळल्या. जमलं!

“राम राम, इवाई!”

 प्राचीच्या थोरल्या ताईचे सासरे, यादोराव. मंडईसाठी केशोरीहून आलेले. हेल्मेट, झापडं, काहीही घाला, व्याही व्याह्याला चालीवरून ओळखतो. डोळ्यांना पुठ्ठा लावता येतो, पण सोयरा हाक मारतो तेव्हा कानाला काय लावायचं?

मनिरामनं हेल्मेट काढलं. संपलं सगळं.

“इवाई, तुमी कवा आले? आन रिकामे काऊन उभे?” बाबांनी दिसेल ते उचललं. “हा शर्टपीस तुमाले.”

“मंग हे घोंगडं तुमाले!”

“आन नातवाले हे सायकल!”

“इहीनबाईले हा कुकर!”

“दोन घ्या!”

दोघंही मागं हटायला तयार नाहीत. सोयऱ्याचा आहेर परत फिरवणं म्हणजे भांडणच. हिमांशू आनंदानं टाय सैल करून मागं मागं ढकलगाड्या आणत होता. शेवटी बाबांनी हातातली कोंबडीसुद्धा यादोरावांच्या हातात कोंबली. “हे बी तुमालेच.”

बाहेर आल्यावर प्राचीला रडूच यायचं बाकी होतं. “बाबा, तुमी कोंबडी म्हनली का कोंबडी म्हनलं होतं!”

“इवाई हायेत ते, पोरी,” बाबा कुकर सावरत म्हणाले. “त्याहीले कोंबडीच्या खाली ठेवू का?”

पण यादोराव रस्त्यातच थांबून कोंबडीचा एक तुकडा चघळत होते, आणि त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता.

“इवाई, हे त वाळलं हाये! हे भातासंगं कसं खावं मानसानं?” त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि समोरच्या ताडपत्रीकडे बोट केलं. “ओ बाई! हे जरा तुमच्या रश्श्यात बुडवून द्या ना!”

आत्यानं कोंबडी घेतली, तोडली, गंजात टाकली, ढवळली. यादोरावांनी पहिला घास घेतला. नाकातून पाणी. दुसरा घास. डोळ्यातून पाणी. “आहाहा! भात आना अजून!” मग अजून. मग लाखोरी डाळीचे वडे, कांदा, अजून भात. जेवण झाल्यावर आत्यानं बाबांना सगळ्याचे पैसे सांगितले, फक्त कोंबडीचे सोडून.

आणि प्राची बाकावरून उठली. बसवेचना!

“आत्या! तोटा त्याचा! गांडूर त्याचं! मासोरी आपली!”

“आता कोनाले मासोरी म्हनून राहिली वं? इवाई हायेत थे.”

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर प्राचीच्या अक्षरात फळा लागला : ‘कोंबडी तिकडची आणा. रस्सा इकडचा, रस्सा फुकट. भाताचे पैसे द्या. लवकर या, बाक भरतात.’

मंडईचं गाव, घरोघरी पाहुणे, आणि त्यात ‘बाक भरतात’! लोक मार्टमध्ये शिरत, धावत शेवटाला जात, कोंबडी पकडत आणि धावत बाहेर येत. टबाकडे पाहायला सवड कोणाला? थांबलं की जागा गेली. सोयरे आता एकमेकांना साड्यांमध्ये नाही, बाकावर भेटत होते आणि एकमेकांच्या पानात भात वाढायचा आग्रह करत होते. कुत्र्यांनी नाराज होऊन जागा बदलली. आत्याला रामलालकडून दोन बाक उसने आणावे लागले. ते देताना तो म्हणाला, “कावळेच हायेत ते, पन रश्श्यात गोड लागतात.”

मंडईच्या दिवशी दुपारी हिमांशू रस्ता ओलांडून आला. टाय कानाखाली गेला होता.

“आंटी, ये क्या चल रहा है? लोग आते हैं, कोंबडी उठाते हैं, भाग जाते हैं! टब को कोई हाथ नहीं लगाता! ये बोर्ड...”

“मंडईचा पाहुना उभ्यानं बोलत नाही,” आत्या म्हणाली. “बस.”

“नहीं, मैं सिर्फ...”

“बस म्हनलं ना बापा!”

हिमांशू बसला. पान आलं. पहिला घास. टाय निघाला. दुसरा घास. चष्मा निघाला. भात तीनदा आला. मग त्यानं दुकानातल्या पोरांसाठी डबा बांधून घेतला, घरमालकासाठी वडे घेतले, बायकोसाठी मसाल्याची पुडी घेतली, आणि दोन्ही हात भरून, ओठ चाटत रस्ता ओलांडला. अर्ध्यावर गेल्यावर प्राचीनं हाक मारली.

“भाऊ! बोर्डाचं काहीतरी सांगाले आलते ना तुमी?”

हिमांशूनं कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला, पण हातात वडे होते.

“अरे यार! राहूनच गेलं!”

मंडई उरकली तशी मार्टनं कोंबडीचा भाव दुप्पट केला. पण तोवर गावाला रश्श्याची चटक पुन्हा लागलेली होती. लोक आता तिकडचीच काय, घरची कोंबडी घेऊनही यायला लागले. आत्यानं पुण्याला फोन लावला. “रूपेश, मी नाही येत रे बाबू. तूच ये. आन येताना भूक घेऊन ये.”

एके दुपारी गर्दी ओसरल्यावर आत्या पदर खोचून उठली. “एकडाव पाहून येतो त्या कोंबड्यांचा झुला. इतके दिस समोर हाये, पाह्यलाच नाही.”

“आत्या, झापडं देऊ का?”

“मले नाही लागत. मी फक्त पाहाले जातो.”

बराच वेळ झाला. प्राची ठेल्यावर भात ढवळत राहिली. मग मार्टचं काचेचं दार उघडलं आणि शामकला आत्या बाहेर आली. डोक्यावर हिरवा टब होता. आणि टबातून, वाऱ्यावर डुलत, एक प्लॅस्टिकचं सूर्यफूल.