मरताना तोंड इकडे

"कट! मावशी, तोंड! पुन्हा कुठं गेलं तोंड?"

दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी काढून वाळूत आपटली. मावशी तिथेच पडली होती, काखेत तलवार धरून, तोंड कॅमेऱ्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला. पडणं झकास झालं होतं. पण मरणाऱ्या बाईचा चेहरा दिसायला हवा होता आणि दिसत होता तो तिचा अंबाडा.

"अहो, मी इकडंच वळले होते," मावशी गुडघे झटकत उठली. तिला खरंच तसं वाटलं होतं.

सिनेमा बायकांच्या झुंजींचा होता. जुन्या काळचा कुणी राजा, त्याच्या कैदेतल्या बाया, आणि जीव जाईपर्यंत त्यांची आपसात लढाई. आखाडा म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण, प्रेक्षक पुठ्ठ्याचे, चिलखतं तेलाच्या डब्यांच्या पत्र्याची. तीही निर्मात्याने इतकी आखूड करून घेतली होती, की वार नेमका पत्र्यावर बसायला नशीबच लागलं असतं. पोस्टरवर तलवारी लहान आणि मांड्या मोठ्या. मावशीने ते पाहून पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. पण या सिनेमात तिला चेहरा मिळाला होता, त्यामुळे बाकीचं सगळं तिने गिळलं.

आजवर ती नायिकांच्या बदली उड्या मारत आली, जिन्यांवरून गडगडली, काचा फोडल्या. कंबरडं हिचं मोडायचं आणि टाळ्या भलतीलाच पडायच्या. नवरा हौसेने शेजाऱ्यांना सिनेमाला न्यायचा आणि "ही बघा, ही आमची!" म्हणेपर्यंत पडद्यावर नायिका वळून हसायची. शेजारी मान डोलवत, विश्वास मात्र कुणाचा नसे. या वेळी कैदी बायांना लढाई शिकवणारी उस्तादीण तीच होती. मरताना तिचा चेहरा पडदाभर दिसणार होता. आणि नेमकं तेच मरण जमत नव्हतं.

"चला, पुन्हा!"

तलवार आली, मावशी गिरकी घेऊन कोसळली, आणि शेवटच्या क्षणी मान आपोआप फिरली. परत अंबाडा.

"अगं, काय चाललंय तुझं?" फाइट मास्तर तणतणत आला. पडायला त्यानेच तिला शिकवलं होतं. "एवढं साधं जमेना?"

मावशीचं डोकंच फिरलं. "तुम्ही विचारताय? पडताना नुसतं नाक दिसलं तरी पोटरीवर छडी कोण मारायचं? 'तोंड लपव, तोंड लपव!' जन्मभर तेच घोकलं. आता म्हणे दाखव! मानेला काय बटण बसवलंय माझ्या?"

"फारच चांगलं शिकलीस," मास्तर पुटपुटला आणि बाजूला झाला.

नायिका पोरगी गुणाची होती. पत्र्याचा घागरा खाली ओढत ती म्हणाली, "मावशी, मी कॅमेऱ्याला चिकटून बसते. माझ्याकडे बघत मरा."

मावशीला तिची माया वाटली. पण पडताना नायिका नजरेला पडली मात्र, मान आणखीच जोरात फिरली. नायिका समोर असताना आपलं तोंड दिसणं, याहून मोठा गुन्हा त्या मानेला ठाऊक नव्हता.

खाणीची सावली पुठ्ठ्याच्या प्रेक्षकांवर चढली. दिग्दर्शक घड्याळाकडे, आभाळाकडे आणि मग मावशीकडे बघून करवादला, "उजेड चाललाय माझा! ए, ते पत्र्याचं शिरस्त्राण आणा रे. घाला हिच्या डोक्यात. चेहराच नको!"

"साहेब, एकदाच," मावशी म्हणाली. "एकदाच बघू द्या."

"मावशी, हात जोडतो. घाला."

रागवावं तरी कुणावर? स्वतःच्या मानेवर माणूस किती रागावणार? तिने शिरस्त्राण घातलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं बंद, डोळ्यांपुढे तेवढ्या दोन फटी. आत तेलाचा उग्र वास येत होता.

"ॲक्शन!"

तलवार आली. मावशी गिरकी घेऊन कोसळली. मान फिरली नाही. लपवायचं काही उरलंच नव्हतं. फटींतून कॅमेऱ्याचं भिंग समोर आलं, आणि मावशीने त्याच्याकडे थेट बघितलं. नवरा कामावर गेल्यावर आरशापुढे बसवलेलं ते सगळं मरण तिने केलं. आधी आश्चर्य, मग दुखणं, मग ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. एक रेघ चुकली नाही.

"ओके! वा! बघा, काय सरळ पडल्या!" दिग्दर्शक आनंदाने ओरडला. "चला, आवरा!"

नायिका धावत आली आणि शिरस्त्राणाला हात घालू लागली.

"राहू दे गं," आतून मावशी म्हणाली.

"कॅमेरा बंद झाला, मावशी."

"माहितेय. तरी राहू दे."

ती तशीच पडून भिंगाकडे बघत राहिली. कॅमेरावाल्याने फडक्याने भिंग पुसलं, वर झाकण बसवलं, तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.