झाकण लावू का?

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तिच्या गल्लीतल्या घरांनी वर्षभराचं धान्य एका मोठ्या कोठीत साठवायचं ठरवलं होतं आणि ती कोठी तिच्याकडे सोपवली होती. तिने लिहिलं होतं, "दादा, झाकण लावू, की अजून ऊन देऊ? पुस्तकातून डोकं वर काढलंस तर कळव. तोवर थांबते."

मला उत्तर ठाऊक होतं. तरी खात्रीसाठी तीन पुस्तकं काढली. धान्यात ओल किती चालते याचे तिन्हींतले आकडे वेगळे निघाले आणि कागद कोराच राहिला.

काल कामावर जाता जाता भाची डोकावली.

"मामा, आईने दोन महिने कोठी उघडी ठेवली. सगळ्या धान्याला कीड लागली."

"पण मी काही सांगितलंच नव्हतं."

"तेच तर! आता नवं धान्य आलंय, आणि आईसाहेब परत तुझ्या पत्रासाठी थांबल्यात."

मला रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. ती गेल्यावर मी लिहिलं: "कोरड्या बाटलीत थोडं धान्य आणि कोरडं मीठ घालून हलव. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन दे. नाही चिकटलं, तर धान्य निवू दे आणि झाकण घट्ट लाव. यापुढे मला विचारून थांबू नकोस."

पुन्हा न वाचताच मी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.