कॅमेऱ्याकडचा कान

मी कानाचं मशीन बोलतोय. खरं म्हणजे बोलणं हे माझं काम नाही. माझा जन्म ऐकण्यासाठी झाला आणि ऐकून ऐकून मी आता पार थकलोय. पण माझ्या वतीने बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून आज मीच तोंड उघडतो. माझं तोंड म्हणजे मोहरीएवढं एक भोक. तेवढ्यावर भागवून घ्या.

कारखान्यातून आम्ही सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे निघालो आणि खोक्यात बसून एका मंडळाकडे आलो. समाजासाठी काहीतरी करावं, असं त्या मंडळातल्या लोकांना फार वाटायचं. हा टोमणा नाही, खरंच वाटायचं. त्यांच्यात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. जन्मभर त्यांनी एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानाशी जोडून दिला होता, त्यामुळे ऐकू न येणाऱ्यांना मशीनं वाटायची कल्पना त्यांचीच होती.

वाटप शाळेच्या सभागृहात झालं. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांपुढे आधी तासभर भाषणं झाली. शेजारच्याचे हात बघून त्यांनी टाळ्या मात्र वेळेवर वाजवल्या. मग अध्यक्ष एकेकाला पुढे बोलवून स्वतःच्या हाताने कानात मशीन घालू लागले. फोटोवाला उजव्या बाजूला स्टुलावर चढला होता, कारण डावीकडे खिडकीचा उजेड डोळ्यावर येत होता. म्हणून सगळ्यांना मशीन उजव्या कानात बसलं.

"आजोबा, इकडे बघा. हां, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

माझे आजोबा हसले. ते छापखान्यात मशीनवर काम करून म्हातारे झालेले. छपाईचं मशीन कायम त्यांच्या उजव्या हाताला धडधडत असायचं. त्याने तो कान केव्हाच खाऊन टाकला होता. डाव्या कानात तेवढी थोडी धुगधुगी होती. फुकटच्या गाईचे दात कशाला मोजा, म्हणून ते काही बोलले नाहीत. आणि मी तरी काय करणार? बंद दारावर मी घसा फोडून ओरडत राहिलो.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. घरात आजोबा आणि आजी, दोघंच. आजींची नजर गेलेली. उजेड आणि सावली एवढंच त्यांना कळायचं. म्हणजे यांना ऐकू येत नाही आणि त्यांना दिसत नाही. आजोबांना खुणा करून काही सांगावं तर ते कुठे बघतात हे आजींना कळत नसे. लिहून द्यावं तर अक्षर एकावर एक चढे. तरी संसार चालला होता, रेटून नेल्यासारखा.

मी कानात सैल बसत होतो, त्यामुळे सारखी शिट्टी वाजायची. आजोबांना ती ऐकू यायची नाही. आजी मात्र स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, कुकर तुम्ही चढवलात का?"

आठवड्याभरात माझी बॅटरी संपली. आजोबांनी मला सुटी बटणं, दोऱ्याची रिळं आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या यांच्यासोबत खणात टाकलं. मी तिथे गप्प पडून राहिलो. खरं सांगू? बरं वाटलं. निरुपयोगी असण्यातही एक आराम असतो.

त्याच काळात आजी मोरीत पाय घसरून पडल्या. त्या हाका मारत होत्या आणि आजोबा बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांना दिसलं. हाड मोडलं नाही, पण लेक धावत आली ती निर्णय घेऊनच. "आईला मी माझ्याकडे नेते. बाबा, तुम्ही दादाकडे राहा. दोघांना एकत्र ठेवायला आमच्या कोणाकडेच जागा नाही." लेक वाईट नव्हती, घाबरली होती. पुढच्या महिन्यात सामान न्यायला येते, असं सांगून गेली. हे सगळं मला नंतर आजींच्या तोंडून कळलं. सांगताना त्या रडत नव्हत्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अशात एक दिवस ऑपरेटरबाई दारात उभ्या. मशीन कसं चाललंय ते बघायला आल्या होत्या. आजोबांनी खण उघडून मला काढून दाखवलं. बाईंनी पर्समधली नवी बॅटरी घालून बघितली, मी चालू झालो आणि बाई तडकल्याच.

"अहो, एवढ्या कष्टाने आम्ही ही मशीनं आणली आणि तुम्ही खणात टाकलीत? घालायचा एवढा कंटाळा?"

आजोबा बाईंच्या ओठांकडे बघत राहिले. उत्तर आजींनी दिलं. "बाई, उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. येतं ते थोडं डाव्याने. पण तुम्ही विचारलंत कुठे?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. माणसाला एवढं ओशाळलेलं मी क्वचितच पाहिलं. मग त्यांनी आजींकडे पाणी मागितलं आणि पडण्यापासून लेकीच्या निर्णयापर्यंत सगळं विचारून घेतलं. त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. "उद्या दहाला तयार राहायला सांगा त्यांना," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कानाच्या दवाखान्यात आजोबांच्या डाव्या कानाचा साचा घेतला. कानात मऊ गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाला आणि त्यावरून माझ्यासाठी नेमकी जागा तयार झाली. तिथल्या मुलीने माझा आवाज त्यांच्या कानापुरता लावून दिला. मी चालू झालो आणि आजोबा दचकले. शेजारच्या माणसाची प्लास्टिकची पिशवी चुरचुरली, तर त्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

लोकांना वाटतं, मशीन घातलं की झालं. तसं नसतं हो. इतकी वर्षं शांत राहिलेल्या डोक्यात एकदम भांडी, नळ, पंखा, रस्ता सगळं घुसलं की माणूस वैतागतो. आजोबा मला दोनदा उपटून फेकायला निघाले. पण बाई येत राहिल्या. आधी खोली बंद करून फक्त आजींनी जवळ बसून बोलायचं. मग पलीकडच्या खोलीतून. मग पंखा लावून. बाई वाक्य सांगायच्या, आजी ते म्हणायच्या, आजोबांनी परत म्हणून दाखवायचं. कधी कधी बाईंचाही धीर सुटायचा, "अहो, 'दार' नाही, 'दोर'!" आणि मग आजीच त्यांना गप्प करायच्या.

एकदा आजी सवयीने पुटपुटल्या, "दिवसभर नुसते बसून असतात खांबासारखे."

"खांबाला चहा मिळेल का?" आजोबा म्हणाले.

आजींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! इतकी वर्षं मी यांच्या तोंडावर काय काय बोलले असेन!" त्या दिवशी तिघंही खूप हसले. मीही हसलो असतो, पण बॅटरी जपायची होती.

ठरल्याप्रमाणे लेक आली, रिकामी बॅग घेऊन. बाईंनी तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "मी स्वतः बघते," ती म्हणाली. "आई, तू मोरीत जा आणि नेहमीच्या आवाजात हाक मार. बाबा इथेच बसतील."

आजोबा खिडकीशी बसले. मोरीत नळ सोडलेला होता, खाली रस्त्यावर कोणी गाडी सुरू करत होतं. माझी तर पाचावर धारण बसली. एवढ्या गोंधळातून नेमका एक आवाज उचलायचा म्हणजे खेळ नव्हे.

"अहो," आजींनी हाक मारली.

आजोबांनी ओ दिली नाही. लेकीने बाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून उठले, भिंतीला हात लावत मोरीपाशी गेले आणि दार ढकलून म्हणाले, "काय गं, पडलीस का?"

"नाही. नुसती हाक मारली."

"बाबा, मग ओ का नाही दिलीत?" लेक ओरडलीच.

"ओ कशाला द्यायची? आलोच ना मी."

लेक तशीच रिकाम्या बॅगेवर बसली आणि रडली. संध्याकाळी ती एकटीच परत गेली.

याला आता बराच काळ लोटला. ऑपरेटरबाई नंतर बाकीच्यांच्या घरीही जाऊन आल्या. माझी बहुतेक भावंडं खणातच निघाली. मंडळात पुन्हा वाटपाची बोलणी निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, "आधी वाटलेली चालू करू या." त्यावर अध्यक्षांनी विचारलं, "पण त्यात फोटो कसला काढणार?" बाई घरोघरी एकट्याच फिरल्या. आता त्यांचे गुडघे गेलेत, आमचा जिना त्यांना चढवत नाही. त्या फोनवरून चौकशी करतात.

मीही झिजलोय. माझं झाकण सैल झालंय, आवाज मधूनच चिरकतो. फार दिवस काढीन असं वाटत नाही. जाण्याआधी एकच मागणं आहे. कोणाला काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण दिल्यावर पुन्हा त्या दारात या, आणि ती वस्तू चालते का ते बघा. तुमच्यासारख्यांची वाट बघत बरेच खण भरलेले आहेत.

माझी बॅटरी बदलायला आता बाहेरचं कोणी लागत नाही. बाईंनी जाता जाता ते शिकवून ठेवलंय. आजोबांचे हात थरथरतात, म्हणून बॅटरी आजी बसवतात. आजींना दिसत नाही, म्हणून आजोबा सांगतात, "उलटी आहे. फिरव. हां, आता दाब." तेवढा वेळ मी बंद असतो, आजोबांना काही ऐकू येत नसतं, तरी ते बोलत राहतात आणि आजी त्यांच्या सांगण्यावरून बोटं फिरवत राहतात. मग झाकण लागतं, मी त्यांच्या कानात जातो आणि मला आजींचा आवाज येतो.

"आलं का ऐकू?"

"आलं," आजोबा म्हणतात. "बोल आता."