पाणी आधी, नाव मागाहून

वनमालेचं लग्न झालं त्याच वर्षी पलटण मोडली. साल एकावन्न. संस्थान आधीच गेलं होतं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं होतं. ग्वाल्हेरची फौज हिंदुस्थानच्या फौजेत सामील झाली तेव्हा वय झालेल्यांना घरी बसवलं. त्यात वनमालेचा बाप नाईक सूर्याजी होता. वैशाखात लेक सासरी गेली आणि ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या दोन खोल्यांत सूर्याजी आणि शांताताई असे दोघेच उरले.

या घराची एक रीत होती. दाराशी पाण्याचा रांजण, त्यावर पितळी तांब्या. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं आणि पिऊन होईपर्यंत त्याला नाव, गाव, जात काही विचारायचं नाही. पाणी आधी, नाव मागाहून, असं सूर्याजीची आई सांगायची. सूर्याजी प्रवासातही हे पाळायचा. खांद्याला पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागल लटकलेली असायची आणि डब्यातल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय तो स्वतः तोंड लावायचा नाही.

ज्येष्ठात त्याला भिंडच्या प्रवासी मोटारीवर काम मिळालं. बंदूक घेऊन ड्रायव्हरच्या मागे बसायचं. रस्ता बीहडांच्या कडेनं जायचा. पावसानं चिरलेल्या त्या मातीच्या दऱ्यांत डाकूंच्या टोळ्या होत्या, म्हणून मोटारमालक फौजी माणसं ठेवायचे.

एका दुपारी रस्त्यात एकानं हात केला. ऐन उन्हाळ्यात अंगावर घोंगडी. मोटारीत चढला, सूर्याजीच्या शेजारी कोसळल्यासारखा बसला आणि म्हणाला, "पानी पिला दो, फौजी."

सूर्याजीनं बंदूक बाकाला टेकवली आणि छागल उघडली. तो माणूस घटाघटा प्यायला. आणखी मागितलं, आणखी दिलं. मग घोंगडी सरकली. पोटाशी धरलेला पंचा रक्तानं काळा झाला होता.

सूर्याजीनं छागल मागे घेतली. पोटात गोळी असेल त्याला पाणी पाजायचं नाही, नुसते ओठ ओले करायचे, हे पलटणीत त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. ब्रह्मदेशच्या लढाईत मल्हारराव नावाचा त्याचा सोबती असाच पाणी पिऊन तडफडत गेला होता. एक शब्द विचारला असता, काय झालं रे, एवढाच, तरी कळलं असतं.

माणसाला ओकारी झाली. पाणी आणि रक्त. सूर्याजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, फेटा सोडून पोटावर आवळला. काही उपयोग झाला नाही. तो पाय झाडत राहिला, सूर्याजीच्या मनगटात नखं रुतवत राहिला आणि मग सैल पडला.

पुढच्या वळणावर रस्त्यात बाभळीचं झाड आडवं पडलेलं होतं. ड्रायव्हरनं मोटार मागे घ्यायला पाहिली तर काचेतून गोळी आली आणि त्याच्या गळ्यात शिरली. तो चाकावरच पालथा झाला. भोंगा वाजत राहिला. टोळी आत घुसली. पहिल्यानं सूर्याजीची बंदूक उचलली. दुसरा, उंच, पांढऱ्या मिशांचा, मांडीवरच्या मढ्याकडे बघत राहिला.

"केहर," तो म्हणाला. मग प्रवाशांकडे वळून त्यानं विचारलं, "किसने मारा?"

मागच्या बाकावर एक अडत्या बसला होता. त्याला स्वतःच्या जिवाची पडली होती. "गोली तो पहले से लगी थी, ठाकुर. इस फौजी ने पानी पिला दिया, तब मरा."

"सच है?"

"सच है," सूर्याजी म्हणाला.

बंदुकीचा दस्ता त्याच्या उजव्या हातावर उतरला. एकदा, मग पुन्हा पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्या मोटारीनं ऐकला. मग नळी कपाळाला लागली. "मैं दौलतसिंह हूँ. ये मेरा छोटा भाई था. तू कौन है?"

आणि इथं सूर्याजीनं चूक केली. नाव विचारलं की ताठ होऊन सगळं सांगायचं, ही आयुष्यभराची सवय. मोडलेल्या पलटणीचं नावसुद्धा त्यानं सोडलं नाही. "नाईक सूर्याजी, चौथी पलटण, कंपू, लष्कर-ग्वाल्हेर."

एवढ्यात मागून, केहरच्या मागावर असलेली पोलिसांची लॉरी ऐकू आली. दौलतसिंहानं भावाला खांद्यावर टाकलं. उतरताना म्हणाला, "कंपू. याद रहेगा."

हात जुळला तो वाकडा जुळला. बोटं मिटेनात. सूर्याजी ठाण्यावर सांगून आला. घरी येऊन शांताताईला म्हणाला, "आजपासून रांजण आत घे. नाहीतर विचारून दे पाणी."

"विचारू काय? बाबा रे, तू डाकू आहेस का?"

"थट्टा नाही, शांता. तो येणार."

"आला तर तहानेलाच येईल, एवढ्या लांबून," ती म्हणाली. "सासूबाईंची रीत मी एका डाकूपायी मोडायची? पलटणीनं तुम्हाला काढलं, आता रांजणालाही काढता का?"

रांजण दाराशीच राहिला. पावसाळा गेला. वनमालेचा पहिला दिवाळसण आला. धनत्रयोदशीच्या दुपारच्या गाडीनं लेक आणि जावई यायचे होते. जावई जयसिंहराव पोलिसांत होता. कमरेला पिस्तूल आणि नाकावर राग. शांताताईनं चकल्या तळल्या, दाराशी रांगोळी घातली.

रांगोळी घालून होते न होते तोच एक म्हातारा आला. डोक्यावर मुंडासं, मिशा काढलेल्या, अंगावर चादर. "पानी मिलेगा, माई?"

तिनं तांब्या भरून दिला. सणाचा दिवस म्हणून वर दोन चकल्या ठेवल्या. तो रांगोळी न मोडता पायरीवर बसला, सावकाश खाल्लं, पुन्हा पाणी घेतलं. मग म्हणाला, "फौजी घर में है?"

सूर्याजी बाहेर आला. मिशा नव्हत्या, पण डोळे तेच होते.

"ये तेरी घरवाली है?" दौलतसिंहानं विचारलं. "मुझसे नाम भी नहीं पूछा इसने."

"मीही नव्हतं विचारलं," सूर्याजी म्हणाला. मराठीतच म्हणाला.

दौलतसिंहाला ते कळलं असावं. चकलीचा उरलेला तुकडा त्यानं हातात तसाच धरला. "अब इस चौखट पर मेरा हाथ नहीं उठेगा. पानी पी लिया. मैं नुक्कड़ पर बैठा हूँ. तू आज निकल, चाहे होली को निकल. मैं बैठा हूँ." चादरीखाली गावठी कट्टा होता, तो त्यानं उगाच दाखवला नाही, पण लपवलाही नाही. उठून तो गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसला.

शांताताईनं दार लावलं, अडसर घातला. "बसू दे त्याला तिथंच. ठाण्यावर कुणाला तरी पाठवू."

"तोवर गाडी येईल. टांगा त्याच पारापाशी थांबतो," सूर्याजी म्हणाला. "गल्लीत वळत नाही. जावई बघेल चादर, बघेल कट्टा, आणि हात घालेल पिस्तुलाला. वनमाला मध्ये असेल."

"मग मी जाते. मला नाही मारणार तो."

"तुला नाही मारणार. पण तिथून उठणारही नाही."

खंडेनवमीला पुजलेली कट्यार खुंटीवर होती. ती त्यानं डाव्या हातात घेतली, वर उपरणं टाकलं. शांताताई दाराला पाठ लावून उभी राहिली. त्यानं तिला ओरडून काही सांगितलं नाही. मोडक्या हातानं तिचा खांदा हळूच बाजूला केला आणि अडसर काढला.

दौलतसिंहानं त्याला पुरतं जवळ येऊ दिलं. "हाथ टेढ़ा जुड़ा है तेरा," म्हणाला, आणि चादरीतूनच गोळी झाडली. गोळी छातीत शिरली. सूर्याजी मागे कोसळला नाही. पडताना तरी पुढे पडायचं एवढं त्याच्या अंगात उरलं होतं. तो पुढे पडला तो दौलतसिंहावर, आणि डाव्या हातातली कट्यार मुठीपर्यंत त्याच्या पोटात गेली. दोघं पारावरून खाली आले. दौलतसिंहानं कट्ट्याच्या मुठीनं त्याच्या तोंडावर घाव घातले, दात फुटले, डोळा गेला. सूर्याजीनं कट्यार सोडली नाही. उलट ती आडवी ओढली. मग त्याचा हात थांबला.

गल्लीतली दारं आधी धडाधड लागली आणि मग किलकिली झाली. शांताताई तांब्या घेऊन धावत आली. नवऱ्याचं डोकं उचललं. त्याला आता पाणी लागणार नव्हतं.

शेजारी दौलतसिंह पोट धरून पडला होता. "माई, पानी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तांब्या भरलेला होता. पोटाच्या जखमेवर पाणी पाजलं तर काय होतं ते तिला नवऱ्यानं पावसाळाभर सांगितलं होतं, झोपेत बडबडतानासुद्धा. तो हात पसरून तांब्याच मागत होता.

"नाम बताओ," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आधी नाव विचारलं.

"दौलतसिंह."

तिनं पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि त्याचे ओठ ओले केले. त्यानं पदर चोखायला पाहिला, तो तिनं काढून घेतला. "इससे ज़्यादा नहीं," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा भिजवला. ती हे करत असतानाच टांगा आला आणि वनमाला त्यातून उतरली.

केहरसिंह एकावन्न सालच्या ज्येष्ठात भिंडच्या मोटारीत मेला, मोटारीचा ड्रायव्हरही त्याच दिवशी. सूर्याजी त्याच वर्षी धनत्रयोदशीला दुपारी कंपूच्या गल्लीत मारला गेला. दौलतसिंह पाडव्याच्या सकाळी इस्पितळात मेला. शांताताई पुष्कळ वर्षं जगली आणि एकोणऐंशी सालच्या माघात वारली. त्या दिवशी सकाळीही रांजण भरलेला होता.