मनगटाखालची उशी

मी एक जुनी वाळूची उशी आहे. हो, वाळूचीच. कापसाच्या उशांच्या नशिबी झोपलेली डोकी असतात, माझ्या नशिबी आखडलेली मनगटं आली.

मित्रांनो, आमच्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा त्यांच्या आईने मला घरच्या मशीनवर शिवलं. वाळू धुतली, उन्हात सुकवली, चाळली, जाड पिशवीत भरली आणि वरून हिरवं रेक्झिन चढवलं. "ही उशी आहे की दगड?" असं पहिल्याच पेशंटने नाक मुरडून विचारलं. मला वाईट वाटलं. पण मऊ उशीत हात रुततो, आणि मला तर तो पक्का धरून ठेवायचा असतो.

प्लास्टर निघतं तेव्हा हाड जुळलेलं असतं, पण मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं झालेलं असतं. मग कोपरापुढचा हात माझ्यावर ठेवायचा आणि पंजा माझ्या कडेबाहेर सोडायचा. बाई एका हाताने मनगटाच्या वर धरत, दुसऱ्या हाताने मनगटातली लहान लहान हाडं हळूहळू वर-खाली सरकवत. झटका नाही, ओढाताण नाही. खांदा हलू नये म्हणून पेशंटने दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरायची, असा त्यांचा नियम होता. "दुखलं की सांगा हं," असं त्या मान खाली घालूनच म्हणत. त्यांचं सगळं लक्ष बोटांखालच्या हाडांवर असे.

एकदा एक सुतार आला. स्टुलावरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तो हातांनी बोलायचा. हे सगळं त्याच्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

बाईंनी सवयीप्रमाणे त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, उजवा स्वतः धरला आणि खाली बघत म्हटलं, "दुखलं की सांगा हं."

त्याने कसं सांगायचं होतं? त्याचा हात माझ्यावर ताठ होत गेला. दुखत होतं, हे मला कळत होतं. पण मी पडले उशी! तो ओठ घट्ट आवळून बसून राहिला. नियम म्हणजे नियम, असं मानणारा माणूस होता तो. असंच काही दिवस चाललं, मनगट सुजलं आणि तो यायचा बंद झाला.

"कंटाळला असेल. लोकांना धीरच नसतो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच आली. ती भांडली नाही, सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही बाबांचे दोन्ही हात अडकवून ठेवता. म्हणजे त्यांचं तोंडच बंद करता की!"

बाईंनी मान वर केली.

"माझं नावसुद्धा त्यांच्या मनगटात आहे," ती म्हणाली. "लहानपणी मी रांगत सांडलेले दाणे टिपायचे. म्हणून पंजा खाली सोडून चिमणीसारखा दोनदा टिपायचा, हे माझं नाव. पडल्यापासून त्यांनी मला हाकच मारलेली नाही. डाव्या हाताने केलं की दुसऱ्याच कुणाची मुलगी वाटते म्हणतात."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "त्यांना घेऊन ये. आणि तू आत बस."

सूज उतरल्यावर तो आला. या वेळी बाई त्याच्या समोर बसल्या आणि त्याचा डावा तळवा त्यांनी माझ्यावर ठेवला. मला थोपटलं की थांबायचं, बोटाने चोळलं की चालू द्यायचं, असं ठरलं. बाई हाडं सरकवत होत्या बोटांनी, आणि बघत होत्या त्याच्या चेहऱ्याकडे. त्याने थोपटलं, त्या लगेच थांबल्या. माझ्यावरचा त्याचा हात तेव्हा पहिल्यांदा सैल पडला. मला भरून आलं.

आठवडे गेले. मनगट मागे पूर्वीइतकं वळलं नाही, ते कधीच वळणार नव्हतं. पण एके सकाळी बाईंनी हात सोडला तरी तो उठेना. त्याने कोपर माझ्यावर टेकवलं, पंजा खाली सोडला आणि हवेत दोनदा दाणे टिपले. जरा वाकडेच टिपले.

मुलगी समोरच होती. तिने दोन्ही हातांनी उत्तर दिलं. काय, ते मला समजलं नाही. तो मात्र रडत रडत हसला.

आता मित्रांनो, नव्या फोमच्या उशा आल्या आहेत. माझी शिवण उसवली आहे आणि वारा सुटला की मला दाराला टेकवतात. थोडी थोडी वाळू सांडते. कुणी दोन टाके घातले तर मी अजून पुष्कळ हात पेलीन. ते नाही जमलं तरी चालेल. पण दुखऱ्या माणसाचा एक हात धराल तेव्हा त्याचा दुसरा मोकळा ठेवा, आणि मान वर करून त्याच्याकडे बघा.