काठावरचे करंज

"एक झाड जरी पाडलंस तं आधी मला पाड!" बायजाकाकी ओरडली, तसं करवतवाल्यानं मशीन बंद केलं.

गास गावात आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला बावखल आहे, पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं तळं. त्याच्या काठाला करंज आणि भेंडीची मोठी झाडं दाटीनं उभी. काकीच्या पुतण्याला, अल्पेशला, पार पाण्यापर्यंत केळी लावायची होती.

"काकी, जागा आपली, झाडं आपली. कापू नको म्हनून कुठल्या कायद्यात लिवलंय?"

"कायद्यात नाय. वरची काप, एकाआड एक काप, कोन अडवतंय? पन पान्यापासून दहा पावलं सोड. आनि ओंडके उतारावरून फरफटत नेऊ नको, खांद्यावर ने. माती उकरली का सगली पान्यात जाते."

"हे तुला कोनी शिकवलं?"

काकी मटकन खाली बसली. तिचा आवाज एकदम उतरला.

"तुझ्या काकानं. त्यानं सगला काठ साफ केला होता. ओंडके असेच ओढून नेले. श्रावनात काठ खचला. आमची तेजू हंडा भरत होती, नऊ वर्साची. काठासंगं गेली. ह्यानं मागोमाग उडी टाकली. पन पानी म्हंजे निस्ता लाल चिखल, सोताचा हात दिसं ना. सात येला बुडी मारली त्यानं."

चुलतबहीण बुडाली, एवढंच अल्पेशला ठाऊक होतं. कशानं, ते घरात कोणी बोलत नसे.

"कुठं सापडली?" त्यानं हळूच विचारलं.

"तिसऱ्या दिशी गाळ बसला तवा दिसली. लांब नव्हती गेली रे. हा बुड्या मारत होता तिथंच, हातभर बाजूला. मंग मरेपरयंत दर साली त्यानं इथं करंज लावला. कोनी सांगितलं नव्हतं त्याला."

वारा पडला होता. अल्पेश पाण्याच्या कडेशी गेला, वळला आणि पावलं मोजत वर चढला. दहाव्याला थांबला नाही. पंधराव्या पावलावर त्यानं एका भेंडीला सुतळी बांधली.

"याच्या खालती एकालाबी हात लावायचा नाय," तो करवतवाल्याला म्हणाला.

माणसं वर कामाला लागली. थोड्या वेळानं मी काकीला हाक मारायला गेले, तर ती काठावर ओणवी झालेली. हात कोपरापर्यंत पाण्यात. पाणी असं नितळ, की तिची पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. तरी ती हात हातभर बाजूला नेऊन चाचपडत होती.