पहिलं 'नको'

हिराच्या माहेरी एक शिस्त होती. कुणी काही देऊ केलं, की आधी 'नको' म्हणायचं. चहा असो, जेवण असो, नाहीतर बसायला खुर्ची. समोरच्यानं पुन्हा आग्रह केला तरच घ्यायचं. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा तो हावरा. पन्नाशी उलटली तरी हिरानं हा नियम मोडला नव्हता. त्यापायी ती कित्येकदा उपाशी घरी आली होती, कारण पुण्यात दुसऱ्यांदा विचारायची पद्धत फारशी नाही.

तिच्या नवऱ्यानं, दशरथनं, जन्मभर पीएमटीच्या बसमध्ये तिकिटं फाडली. त्या पुंजीला लेक मैत्री हिच्या हिंजवडीतल्या आयटीच्या पगाराची जोड मिळाली आणि कात्रजला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. दारावर बाबासाहेबांची तसबीर लागली आणि वरच्या मजल्यावरच्या रंगनाथच्या कपाळावर आठी पडली, ती कायमची. एके दिवशी नळ कोरडे म्हणून हिरा गच्चीवर टाकीचा कॉक बघायला गेली. 'तुमचा हात आमच्या पाण्याला?' म्हणत रंगनाथनं जातीवरून घाणेरडी शिवी हासडली आणि तिला जिन्यावरून ढकलून दिलं. मनगट मोडलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला आणि रंगनाथ येरवड्याच्या तुरुंगात गेला.

आता त्याचा जामिनाचा अर्ज आला होता, आणि सुनावणीची नोटीस घेऊन हवालदार हिराच्या दारात उभा राहिला.

"आपले सरकारी वकील आहेत ना?" दशरथ म्हणाला. "मग आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?"

"बाबा, कायद्यात दुरुस्ती झालीये," मैत्री म्हणाली. "ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये जामिनाच्या वेळी आईला बोलायचा हक्क आहे. कोर्टाला ऐकून घ्यावंच लागतं."

हिराला हसू आलं. घरात भाजीला मीठ जास्त झालं म्हटलं तरी कुणी ऐकत नाही, आणि म्हणे कोर्ट ऐकणार!

पण रात्री तिला झोप येईना. तो सुटला तर थेट वरच्या मजल्यावर येणार. इमारतीला जिना एकच. तो आत गेल्यापासून कुठे ती एकटी खाली उतरायला लागली होती.

शिवाजीनगरच्या कोर्टात ती मैत्रीचा हात धरून शिरली. भिंतीपर्यंत रचलेली कागदांची गाठोडी, काळे कोट, आणि उंचावर बसलेल्या न्यायाधीशबाई. हिरा मागच्या बाकावर अंग चोरून बसली. आरोपीचे वकील मोठे वाकबगार. घर चालवणारा माणूस, स्वच्छ चारित्र्य, किरकोळ धक्काबुक्की, असं ते लोण्यासारखं बोलत राहिले. सरकारी वकिलांनी विरोध केला, पण समोरच्या गठ्ठ्यातली पुढची फाईल उघडता उघडता.

मग शिपायानं हिराचं नाव पुकारलं. ती पुढे जाऊन उभी राहिली.

"हिराबाई," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "या जामिनाबद्दल आपल्याला काही सांगायचंय का?"

आणि हिराच्या तोंडून निघून गेलं, "नाही नाही, काही नको, मॅडम."

ती थांबली. आता त्या पुन्हा विचारतील. मग सांगू.

न्यायाधीशबाईंनी मान हलवली आणि स्टेनोकडे वळून सांगायला सुरुवात केली, "पीडितेस विचारणा केली. त्यांचे काही म्हणणे नाही..."

अहो, असं कसं? एकदाच विचारायचं? टाइपिंगचा आवाज सुरू झाला, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण चहा नाकारलेला नाही, आपण जिना देऊन टाकलाय.

"थांबा!" ती ओरडली. स्वतःचाच आवाज ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला.

"मॅडम," आरोपीचे वकील उठले, "बाईंना विचारून झालंय. त्या नाही म्हणाल्यात. विषय संपला."

"विषय संपला का ते त्या सांगतील. आपण बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बोला, हिराबाई. हा तुमचा हक्क आहे. तुमचं ऐकल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

मोठे वकील खाली बसले. सरकारी वकिलांनी फाईल मिटली. स्टेनोचे हात थांबले. सगळं कोर्ट, टाचणी पडली तरी ऐकू येईल असं, तिच्याकडे बघत थांबलं होतं. तिच्यासाठी! तिच्यावाचून जगात कुणाचं कधी अडलं नव्हतं, आणि आज एवढ्या मोठ्या सरकारचं अडलं होतं.

"त्यांना किती दिवस आत ठेवायचं, ते मला कळत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या घराला जिना एकच आहे, मॅडम. ते आत गेल्यावर मी पहिल्यांदा एकटी भाजीला गेले. ते सुटून त्याच जिन्यात आले, तर कैदेत मी बसेन. आणि मी तर काही केलेलं नाही."

न्यायाधीशबाईंनी समोरचे कागद चाळले, वकिलांना दोन प्रश्न विचारले, आणि मग स्टेनोला आधीचं वाक्य खोडायला सांगितलं.

"पीडितेस ऐकले," त्या सावकाश सांगू लागल्या. "आरोपी त्याच इमारतीत परतल्यास पीडिता स्वतःच्याच घरात कैद होईल, हे तिचे म्हणणे न्यायालयास पटते. साक्षी होईपर्यंत आरोपीस सोडणे योग्य होणार नाही. अर्ज नामंजूर."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर हिरा मटकन बाकावर बसली आणि घळाघळा रडायला लागली.

"आई, अगं, त्याला जामीन नाही मिळाला! आपण जिंकलो!" मैत्री तिला हलवत म्हणाली.

"ते कळलं गं," हिरा पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पण मी बोलले ते त्यांनी लिहून घेतलं."